गंगाळ आणि रुमाल: ख्रिस्ताची प्रीती घरकामात कशी उतरवावी

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडा आणि चौथं-पाचवं वचन सावकाश वाचा. येशू भोजनावरून उठला, अंगावरची वस्त्रं काढून ठेवली, रुमाल कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं, शिष्यांचे पाय धुतले आणि त्याच रुमालाने पुसले. बाराव्या वचनात तो वस्त्रं घालून पुन्हा बसतो. पाणी त्यानेच ओतलं, पुसलंही त्यानेच. मधेच ‘आता पुढचं तुम्ही बघा’ असं म्हणून तो उठला नाही. काम चाकराचं होतं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ते एकट्याने केलं. घरात ख्रिस्तासारखी सेवा करायची तर आमच्या मते याच दोन गोष्टी घट्ट धराव्यात: जे काम कुणालाच नको असतं ते उचलावं, आणि उचललं की पुरं करावं.

ख्रिस्ती घरांत प्रीतीबद्दल बोलणं कमी नसतं. लग्नात १ करिंथ १३ वाचलं जातं, भिंतीवर वचनांची पाटी असते, रविवारी उपदेश होतो. अडतं ते सोमवारी सकाळी साडेसहाला: नळाला पाणी आलंय, डबे व्हायचेत, आजीच्या गोळ्यांचं पाकीट सापडत नाहीये. म्हणून पुढे जे लिहिलंय ते बहुतेक कामांबद्दलच आहे.

आधी विचारा, मग उठा

यरीहोजवळ आंधळा बार्तीमय हाका मारत होता. त्याला काय हवंय हे कुणालाही कळलं असतं. तरी येशूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं (मार्क १०:५१). घरात आपण हा प्रश्न गाळतो. मुलगा आईसाठी महागडा मिक्सर आणतो आणि तिला हवं असतं कुणीतरी सोबत बँकेत येणं, पासबुक भरून आणणं.

प्रश्न मोघम असला की उत्तर ठरलेलं असतं. ‘काही मदत करू का?’ असं विचारलंत की आई, सासू, थोरली जाऊ, सगळ्या एकच म्हणतील: ‘नको, होतं माझं.’ त्याऐवजी काम नेमकं सांगून विचारा. ‘आज भांडी मी घासतो, तू आधी जेवून घे, चालेल ना?’ किंवा ‘या महिन्यापुरतं तुझं कुठलं एक काम मला देशील?’ विचारायची वेळही पाहा. समोरचीचे हात पिठात असताना, कुकरची शिट्टी होत असताना हा प्रश्न म्हणजे आणखी एक काम. रात्री सगळं आवरल्यावर विचारा. लगेच उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा. आणि उत्तर आल्यावर ‘ते नको, मी दुसरं काहीतरी करतो’ असं म्हणू नका. तिथेच विश्वास संपतो.

कागदावर उतरवलेलं घर

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास सगळ्यांनी बसावं. एक मोठा कागद घ्या आणि घर चालायला आठवड्याभरात जे जे लागतं ते लिहून काढा. स्वयंपाक, कपडे, केर-लादी ही कामं पटकन सुचतात. ती झाली की डोक्यात चालणारी कामं लिहा: सिलिंडर नोंदवणं, दळण, पाणी यायच्या वेळी उठून भरणं, शाळेच्या सूचना वाचणं, औषधं संपण्याआधी आणणं, दुधाचा हिशेब, कुणाचा वाढदिवस आणि कुणाच्या घरी दुःख झालंय हे लक्षात ठेवणं. साधारण चाळीस-पन्नास ओळी सहज होतात. प्रत्येक ओळीपुढे ते काम सध्या कोण करतं त्याचं नाव टाका.

बहुतेक घरांत एकच नाव पानभर दिसेल. त्यावर भाषण करू नका, समर्थनही करू नका. कागद सगळ्यांना दिसू द्या. मग बाकीच्या प्रत्येकाने त्यातली एक ओळ घ्यावी. आपल्याला आवडणारी घेऊ नये. जिच्यावर नाव असलेल्या माणसाला ती सर्वांत जाचते, ती घ्यावी आणि चार आठवडे पाळावी. चार अशासाठी की पहिला आठवडा शिकण्यात जातो, दुसऱ्यात उत्साह ओसरतो, तिसऱ्यात विसरायला होतं, आणि चौथ्यात काम अंगवळणी पडू लागतं. दर आठवड्याला कामं फिरवण्याची पद्धत कागदावर छान दिसते, पण तिच्यात कुणालाच काम नीट येत नाही आणि देखरेख पुन्हा त्याच बाईच्या डोक्यावर राहते.

काम घेणं म्हणजे ते आठवणंही घेणं. ‘गोळ्या आणायच्या असल्या की सांग, मी आणतो’ असं म्हणणाऱ्याने निम्मं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेलं असतं. पाकिटात किती उरल्यात हे स्वतः मोजा, दहा दिवसांच्या शिल्लक असताना चिठ्ठी घेऊन दुकानात जा, आणि डॉक्टरांनी मात्रा बदलली असेल तर डब्यातल्या जुन्या गोळ्या काढून टाका.

चहाचंच घ्या. रविवारी दुपारी ‘आज चहा मी करतो’ म्हणणारे पुष्कळ असतात. पूर्ण चहा असा: कुणाला बिनसाखरेचा ते आधी विचारणं, बिनसाखरेचा आधी गाळून मग बाकीच्यात साखर घालणं, उतू जाऊ न देणं, प्रत्येकाच्या हातात कप देणं, रिकामे कप गोळा करणं, पातेल्याला चिकटलेली साय निघेपर्यंत घासणं, गाळणीतला चोथा ओल्या कचऱ्यात टाकून गाळणी उलटी आपटून धुणं, ओट्यावरचे थेंब पुसणं, दूध फ्रीजमध्ये परत ठेवणं. यातली शेवटची चार कामं सोडली तर चहा तुम्ही केलात आणि आवराआवर दुसरीने. अशा सेवेचा त्रास न केलेल्या सेवेपेक्षा जास्त होतो, कारण वर आभारही मानावे लागतात.

ज्याने आपलं काम दुसऱ्याकडे सोपवलं त्याच्यासाठीही एक पथ्य आहे. काम कुठे संपतं हे एकदाच बोलून ठरवा. भांडी म्हणजे भांडी, ओटा, सिंकची जाळी आणि ओलं फडकं वाळत टाकणं, असं ठरलं की मग मागे उभं राहून सूचना देऊ नका. टॉवेलची घडी वेगळी पडली तर पडू द्या. पुसलेलं पुन्हा पुसून दाखवलंत की नवशिक्या दुसऱ्या दिवशी येत नाही.

खरोखरचे पाय

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होतो. २०१६च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी त्याचा नियम बदलून स्त्रियांचेही पाय धुतले जावेत अशी मुभा दिली. त्याआधी विधीच्या पुस्तकात फक्त पुरुषांचा उल्लेख होता. घरात मात्र हा विधी वर्षातून एकदा करून भागत नाही. ज्या घरात मधुमेह असलेलं वडीलधारं माणूस आहे तिथे रोज पाय धुऊन पाहणं ही पाय वाचवणारी सेवा आहे. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायांची संवेदना मंदावते, रक्तपुरवठा कमी होतो. खडा टोचला, चप्पल लागली तरी कळत नाही, आणि झालेली जखम भरत नाही. आजोबांना वाकून स्वतःचा तळवा दिसत नाही. तो दुसऱ्या कुणीतरी पाहायचा असतो.

यासाठी एक टब, सौम्य साबण, फक्त पायांसाठी ठेवलेला मऊ पांढरा पंचा (रक्ताचा किंवा पुवाचा बारीक डागही त्यावर दिसतो), खोबरेल किंवा व्हॅसलीन, आणि चांगला उजेड लागतो. वेळ पंधरा मिनिटं, संध्याकाळी दिवेलागणीनंतर. त्यांना पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसवा, तुम्ही पाटावर बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

पाणी कोमट हवं, आणि ते तुमच्या कोपराने तपासा. त्यांना विचारू नका. पायांना चटका कळत नाही म्हणूनच तर ही काळजी घ्यायची. कडकडीत पाण्याने फोड आलेला त्यांना जाणवणारही नाही. पाय पाण्यात बुडवून ठेवू नका. शेकल्यासारखं बरं वाटतं म्हणून अर्धा तास ठेवले तर कातडी पांढरी पडते, मग कोरडी होऊन भेगाळते. साबण लावून दोन-तीन मिनिटांत धुऊन काढा.

पुसताना प्रत्येक बोटाची बेचकी स्वतंत्र पुसा. घासू नका, पंचा टेकवून पाणी टिपा. इथे ओल राहिली की चिखल्या होतात आणि तिथूनच जंतुसंसर्ग सुरू होतो. करंगळीची बेचकी हटकून राहून जाते. मग पाहायला लागा: तळवा, टाच, बोटांच्या मधली जागा, नखांच्या कडा. चीर, फोड, लाली, सूज, काळसर-निळसर डाग आहे का? एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का? पाहून झालं की तळव्याला आणि पावलाच्या वरच्या भागाला तेल लावा. बेचक्यांत लावू नका. तेल लावल्यावर लगेच चालू देऊ नका, लादीवर पाय सरकतो. दहा मिनिटं बसवा किंवा सैल सुती मोजे घाला.

नखं सरळ कापा, कोपरे खणू नका. जाड झालेली, आत वळलेली नखं डॉक्टरांकडे कापून घ्या. तळव्याचं कुरूप ब्लेडने तासणं, त्यावर बाजारातली पट्टी चिकटवणं, जखमेवर हळद किंवा चुना भरणं, गरम पाण्याच्या पिशवीने शेकणं, हे सगळं प्रेमानेच केलं जातं आणि यानेच पाय जातात. जखम दिसली तर स्वच्छ पाण्याने धुऊन निर्जंतुक गॉझ लावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वास येत असेल, भाग काळा पडला असेल किंवा ताप आला असेल तर रात्र असली तरी थांबू नका. घरातही त्यांनी अनवाणी फिरू नये. घरात चप्पल चालत नसेल तर फक्त घरासाठी वेगळा स्वच्छ जोड ठेवा, आणि घालण्याआधी तो झटकायची सवय लावा.

पुष्कळदा वडीलधारी माणसं नकार देतात. सासऱ्यांना सुनेकडून पाय धुऊन घेणं अवघड वाटतं, आणि ते वाटणं योग्यच आहे. तिथे मुलाने किंवा नातवाने बसावं. ही सेवा सुनेच्या वाट्याचीच आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. येशू पाय धुवायला आला तेव्हा पेत्रानेही आधी नको म्हटलं होतं. एकदम पाण्यापर्यंत जाऊ नका. पहिल्या आठवड्यात नुसतं तेल लावून द्या, पुढच्या आठवड्यात नखं कापा, मग टब आणा. वास आला तरी चेहऱ्यावर दाखवू नका. बोलायला लागले तर ऐका. तीच गोष्ट दहाव्यांदा सांगत असतील तरी ‘हे सांगितलंय तुम्ही’ म्हणू नका.

ताट वाढताना

पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या काठी येशूने कोळशांचा विस्तव केला, त्यावर मासळी ठेवली, भाकर ठेवली आणि रात्रभर जाळी टाकून थकलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावलं (योहान २१:९-१२). मरणावर जय मिळवलेला प्रभू चुलीपाशी बसतो, ही गोष्ट आपल्या घरातल्या पुरुषांनी मनावर घ्यावी असं आम्हाला कळकळीने वाटतं.

आपल्याकडे चुलीपाशी असलेली बाई शेवटी जेवते. तिच्या ताटात गार भाकरी येते. सुरमईचे मधले तुकडे आधीच उचललेले असतात, डोकं, शेपूट आणि रस्सा तिला. हे मोडायला मोठा निश्चय लागत नाही, क्रम बदलावा लागतो. दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी पातेल्यात डोकावा आणि जेवायचे कोण राहिलेत ते मोजा. त्यांचा वाटा आधी काढून ठेवा, आणि त्यात मधला तुकडा असू द्या. आठवड्यातून एकदा, रविवारी उपासनेनंतरच्या जेवणाला, रोज स्वयंपाक करणारीला पहिल्या पंगतीला बसवा. गरम भाकरी तव्यावरून तिच्या ताटात पडली पाहिजे. भाकरी येत नसेल तर त्या दिवशी खिचडी-पापड करा. पण पाण्याच्या तांब्यापासून खरकटं काढण्यापर्यंत तिला उठवू नका. पहिल्या एक-दोन रविवारी ती अर्ध्या जेवणातून उठेल. हाताला धरून बसवा.

घरी कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा असेल तर तो आजच काढून टाका. त्यासाठी कुठल्याही वचनाची वाट पाहायला नको.

जीभ, राग आणि क्षमा

भांड्याला भांडं लागणारच. मत्तय १८:१५ मध्ये प्रभूने क्रम सांगितलाय: आधी त्याच्याकडे जा, दोघंच असताना बोला. म्हणजे आधी माहेरी फोन नाही, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टोमणा नाही, मुलांसमोर नाही, पाळकसाहेबांकडेही नाही. दोघांत मिटलं नाही तर पुढची पायरी.

क्षमा मागताना चार गोष्टी हव्यात. केलं काय ते नावानिशी सांगणं. त्यामुळे समोरच्याचं काय झालं ते सांगणं. भरपाई काय करणार ते सांगणं. आणि मग क्षमा मागून गप्प बसणं. ‘काल पाहुण्यांसमोर मी तुझ्या स्वयंपाकावरून बोललो. तुला सगळ्यांपुढे खाली बघावं लागलं. दादा-वहिनींना मी आज फोन करून सांगतो की माझं चुकलं. मला क्षमा कर.’ एवढंच. ‘पण तूसुद्धा’ आलं की सगळं पाण्यात. ‘माझं काही चुकलं असेल तर’ हेही तसंच. चुकलंय, म्हणून तर आलात. समोरच्याने लगेच माफ केलं नाही तर ‘आपण ख्रिस्ती आहोत, क्षमा करायलाच हवी’ असं सुनावू नका. क्षमा ही मागणाऱ्याने वसूल करायची गोष्ट नाही.

रागात असताना सूर्य मावळू देऊ नका, या इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातल्या वचनाचा (४:२६) अर्थ रात्री बारापर्यंत वाद ओढत बसावा असा कुणी घेऊ नये. दमलेली, उपाशी माणसं क्षमा करत नाहीत, शब्द वाढवतात. रात्री अकरानंतर विषय निघाला तर एवढं म्हणा: ‘मला राग आलाय, पण मी तुला सोडून कुठे जात नाही. उद्या संध्याकाळी चहाला बसून बोलू.’ आणि उद्या संध्याकाळी खरंच बसा. वेळ ठरवून न पाळणं हा भांडण कुजण्याचा सर्वांत मोठा रस्ता आहे. प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला की मत्तय ५:२३-२४ आठवावं, वेदीपुढे दान तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगणारं. पण त्यासाठी शुक्रवारची संध्याकाळ धरा. रविवारी सकाळी साडेआठला, एका हाताने टाय बांधत मागितलेली माफी तोंडदेखली होते.

संध्याकाळची प्रार्थना

कुणाकडे रोझरी (जपमाळेची प्रार्थना), कुणाकडे कौटुंबिक उपासना. दोन्हींत घोळ एकाच जागी होतो. मोठी माणसं प्रार्थनेतून तक्रार करतात. ‘हे प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाइलच्या मोहातून सोडव’ हे मुलाला ऐकवलेलं असतं, देवाला नाही. असं दोन-चारदा झालं की मूल प्रार्थनेच्या वेळीच नेमकं बाथरूममध्ये जातं. कुणासाठी प्रार्थना करायची असेल तर आधी त्यालाच विचारा, काय मागू?

बारा ते पंधरा मिनिटं पुरे. गीताची दोन कडवी, आठ-दहा वचनांचा उतारा (मार्कापासून सुरू करा, प्रसंग छोटे आहेत), प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना. रोज एका माणसाला आळीपाळीने चालवायला द्या, सहा वर्षांच्या मुलालाही. उतारा वाचून झाल्यावर एकच प्रश्न: उद्या घरात हे कुणासाठी, कुठल्या कामात करता येईल? उत्तर मिळालं नाही तर गप्प राहू द्या, उपदेश भरू नका.

मुलांना काम द्यायचं ते शिक्षा म्हणून देऊ नका. ‘उलट बोललास ना, आता भांडी घास’ म्हटलं की भांडी ही नेहमीसाठी शिक्षा होते. चार-पाच वर्षांचं मूल पाण्याचे पेले मांडू शकतं, सात-आठ वर्षांचं आपल्या कपड्यांच्या घड्या घालून आजीच्याही घालतं, दहा-बारा वर्षांचं मोठ्यांच्या देखत चहा करतं, भाजी निवडतं. मुलगा-मुलगी असा भेद इथे अजिबात नको. पेला फुटला तर आवाज न चढवता केर काढा. आणि त्यांच्या कामाचे फोटो स्टेटसवर टाकू नका. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू न देण्याची सवय (मत्तय ६:३) लहानपणीच लागते.

चर्चचं काम आणि घरचं काम

गायनवृंदाचा सराव, तरुण संघ, महिला मंडळ, घरोघरच्या प्रार्थना सभा: आठवड्यातल्या किती संध्याकाळी तुम्ही घराबाहेर असता ते मोजा. मग जोडीदाराला विचारा, यातली कुठली संध्याकाळ तुला जड जाते? ती सोडा. मार्क ७:९-१३ मध्ये येशू ज्यांच्यावर सर्वांत कठोर बोललाय त्यांत देवाला वाहिलं म्हणून सांगून आईबापांची मदत टाळणारे आहेत, आणि १ तीमथ्य ५:८ तर घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट म्हणतं. पगार झाला की आईवडिलांच्या औषधांचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढा. त्यांना मागायला लावू नका. म्हातारपणी मुलापुढे हात पसरणं किती जड जातं हे मागणाऱ्यालाच ठाऊक.

मुलं पुण्या-मुंबईला किंवा आखातात आणि आईवडील गावी, अशी घरं पुष्कळ आहेत. त्यांनी फोनचे वार आणि वेळ ठरवावी, आणि पाळावी. ‘बरं आहे ना?’ला ‘बरं आहे’ हेच उत्तर येतं. विचारा की काल रात्री झोप किती वाजता लागली, आज काय जेवलात, आणि गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन किती उरल्यात ते वाचून दाखवायला सांगा. गावातल्या एका शेजाऱ्याशी वेगळा संबंध ठेवा, आणि गेल्यावर त्याच्या घरी पाच मिनिटं तरी बसा. वधस्तंभावरून येशूने आईला योहानाच्या हवाली केलं तेव्हा शब्द दोनच वाक्यांचे होते, पण सोय पक्की होती (योहान १९:२६-२७).

सहन करणं कुठे थांबतं

हे स्पष्ट लिहायला हवं, कारण प्रीती सर्व काही सहन करते हे वचन मार खाणाऱ्या बायकांना ऐकवलं जातं. मारहाण, धमक्या, पैसे अडवून धरणं, मुलांना इजा, यांपुढे गप्प राहणं ही ख्रिस्ताची सेवा नव्हे. नासरेथकर त्याला कड्यावरून लोटायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:२९-३०). मंदिरात लोकांनी दगड उचलले तेव्हाही निघून गेला (योहान ८:५९). वधस्तंभ त्याने स्वतःहून, त्याच्या वेळेला स्वीकारला. प्रत्येक दगडापुढे तो उभा राहिला नाही.

तुमच्या घरात असं होत असेल तर आधी सुरक्षित जागी जा, मुलांना घेऊन जा. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५चा आहे, आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. आधार कार्ड, बँकेची कागदं आणि औषधं एका पिशवीत तयार ठेवा. मंडळीतल्या कुणी ‘घरी जा, प्रार्थना कर, नमतं घे’ असा सल्ला दिला तर तो ऐकू नका, आणि सल्ला मागायला आलेल्या बाईला तो कधीही देऊ नका.

सेवा करणाऱ्याचा विसावा

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणारी बाई सहा महिन्यांत चिडचिडी होते, पाठ धरते, मग स्वतःलाच दोष देते. माझी प्रीती कमी पडली असं तिला वाटतं. कमी पडलेली असते झोप. कूस बदलायला रात्री दर दोन तासांनी उठणाऱ्या माणसाला रोज तेच करायला लावणं क्रूर आहे. मार्क ६:३१ मध्ये प्रभूच शिष्यांना म्हणतो, एकांती चला, थोडा विसावा घ्या. जेवायलाही सवड नव्हती त्यांना.

आठवड्यातल्या निदान दोन रात्री दुसऱ्या कुणीतरी घ्याव्या, आणि एक अख्खी दुपार तिला घराबाहेर जाता आलं पाहिजे. नुसतं ‘जा तू’ म्हणून ती जाणार नाही. तिच्याकडून सगळं समजून घेऊन एका पानावर लिहा: कुठली गोळी केव्हा, लापशी किती पातळ, कुठल्या कुशीवर जास्त वेळ ठेवायचं नाही, लघवीचं भांडं कुठे, कुठल्या डॉक्टरांना फोन करायचा. पहिल्यांदा ती घरात असतानाच हे सगळं तिच्यासमोर करून दाखवा, तिने पाहू दे. दुसऱ्यांदा ती शेजारी जाईल. तिसऱ्यांदा जाईल बहिणीकडे. मंडळीतल्या ज्यांना सेवा करायची हौस आहे त्यांनी फळं घेऊन भेटायला येण्याऐवजी या दुपारी वाटून घ्याव्या. चार घरांनी मिळून घेतल्या तर एका घराला महिन्यातून एकदाच पाळी येते.

तिला आणखी एक शिकावं लागतं, आणि ते बहुधा सर्वांत अवघड असतं: कुणी हातातलं काम घ्यायला आलं की ‘नको’ न म्हणणं. लंगोट नीट बांधला जाणार नाही, चादरीला सुरकुती राहील. सुरकुती टोचते, हे खरं आहे, म्हणून ती ताणायची कशी तेवढं दाखवावं. मग खोलीचं दार ओढून घ्यावं आणि जाऊन झोपावं.